अंतरपाटाखालचे पाय

“थांबा जरा.”

हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझी मान खाली होती, हातात पोह्यांचं ताट होतं, आणि ज्याच्या तोंडून ते आले त्याच्या पायावर कोंबडीचं पिलू बसलं होतं.

रहिमतपूरला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते. हौसाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावात कुणाचंही लग्न असो, आत्याच्या ओव्यांशिवाय अक्षता पडत नसत. तिनं मला सैपाकघरातच बजावलं होतं.

“शालन, मान वर करायची न्हाई. जी पोरगी वर बघती तिला लोक म्हणत्यात, हीच आमाला बघाय आलीया.”

“मग त्यातला नवरा कोण ते मला कसं कळायचं?”

“पाय बघ. तोंड खोटं बोलतं बाई, पायाला बोलाय येत न्हाई.”

आत्याचं म्हणणं मी फार मनावर घेत असे. ओसरीवर शाळेतून आणलेल्या चार लोखंडी खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांखाली पायांच्या चार जोड्या. पहिले पाय भेगाळलेले, टाचेत शेत भरलेलं, ते सासरे. दुसरे आमच्या ओळखीचे, मध्यस्थ नानांचे. एका अंगठ्याला कायम चिंधी. तिसऱ्या पायांत बदामी रंगाचे पायमोजे. आणि चौथे.

चौथ्या पायांकडे मी बघतच राहिले. सावळे, लांब, शांत पाय. डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं नखापर्यंत एकमेकांना चिकटलेली होती. जन्मतः तशीच असणार. एका शेंगेत दोन दाणे असावेत तशी. बाकीची बोटं आपापली सुटी बसलेली आणि ही दोघं मात्र एका पांघरुणात.

नाना माहिती देत होते. “मुलगा, आमचा संपत, दूध संघात सेपरेटरवर आहे.”

दाराआडून आत्याचा आवाज आला, “वेगळा निघालाय व्हय घरातनं?”

“न्हाई वो हौसाबाई. सेपरेटर म्हंजे मशीन. वरनं दूध ओतायचं, साय एकीकडनं, दूध एकीकडनं.”

“मग तसं सांगा की सरळ. आमच्यात सेपरेट झाला म्हंजी चूल वेगळी केली.”

सगळे हसले. चौथे पाय हसले नाहीत. पण चिकटलेली दोन बोटं जराशी वर उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. मला वाटलं, हेच त्यांचं हसणं.

एवढ्यात अंगणातली कोंबडी पिलांचं लेंढार घेऊन ओसरीवर आली. भेगाळलेल्या पायांनी एक पिलू बाजूला सारलं. पायमोजे दचकून वर गेले. चुकलेलं एक पिलू चौथ्या पायावर चढलं आणि त्या दोन बोटांच्या उबेत पंख पसरून बसलं. पाय हलला नाही. पोहे खाऊन झाले, चहा झाला, नाना म्हणाले, “चला, निघायचं का?” खुर्च्या करकरल्या.

आणि तेव्हाच तो आवाज आला. “थांबा जरा.”

सगळे थांबले. का थांबायचं ते कुणालाच कळलं नसावं. पिलू उठलं, अंग झटकलं, आईकडे गेलं. मग ते पाय उठले.

रात्री आत्यानं विचारलं, “काय गं, पसंत हाय का?”

“हो.”

“तोंड बघितलंस?”

“न्हाई.”

“शहाणी माझी बाय ती,” म्हणून आत्यानं माझ्या कानशिलावर बोटं मोडली.

त्याच्यानंतर लग्नापर्यंत मला मुलगा दिसला नाही. त्यांचा एक फोटो आला होता. पण त्यात अख्खा दूध संघ उभा होता आणि नवरदेवाचं तोंड मोहरीएवढं. साखरपुड्याला ते आले नाहीत. ‘मिरजेला ट्रेनिंगला गेलाय’ असं त्यांच्या आईनं सांगितलं. मला काही वाईट वाटलं नाही. डोळे मिटले की मला ती दोन बोटं दिसायची. दळताना, धुताना, झाडताना मी त्यांच्याशी मनात बोलत असे. बाकीच्या पोरी नवऱ्याचं नाव घेताना लाजतात. मी पायपुसणं झटकताना लाजत होते.

लग्न आमच्या दारात झालं. मला माझ्या मामांनी पाटावर आणून उभं केलं. डोळ्यांवर मुंडावळ्या, हातात हार, मागे करवली म्हणून धाकटी नंदा. समोर हळदीचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट. एक टोक माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या हातात, दुसरं त्यांच्याकडच्या एका दाजींच्या हातात. वामनभटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. मी मान खाली घातली. ती लाजून घातली असं सगळ्यांना वाटलं. मी घातली ती माझ्या माणसाला भेटायला.

अंतरपाटाच्या खाली हळद लावलेले दोन पाय होते.

डाव्या पायाची पाचही बोटं वेगवेगळी.

मी डोळे मिटले, उघडले. अंगठा, मग एक बोट, मग फट, मग दुसरं बोट. त्या फटीत अक्षतेचा एक तांदूळही जाऊन बसला, मला खिजवायला बसावा तसा.

“सावधाऽऽन!” मंडळी ओरडली.  एवढी वेळेवरची सूचना मला आजवर कुणी दिली नव्हती.

“नंदे,” मी ओठ न हलवता म्हणाले, “ह्यो तो न्हाई.”

“कोण?”

“नवरा.”

“मग कोण हाय?”

“तेच बघ की वाकून! मला वाकता येतंय का?”

नंदा अक्षता सांडल्याचं सोंग करून खाली बसली आणि उठली. “पाय तर बरे हायत की अक्का. धुतलेत चांगले.”

“बोटं सुटी हायत गं त्याची!”

“मग काय मूठ वळून यायचं व्हतं?”

तिला काय सांगणार? जुळ्या बोटांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं एकटीचंच ते होतं. मी पुन्हा खाली पाहिलं आणि तेवढ्यात नवरदेवाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा एक पाय पुढे सरकला. डावा पाय. अंगठा, आणि शेजारी एका पांघरुणातली दोन बोटं.

माझा जीव भांड्यात पडला तो क्षणभरच. नवरदेवाच्या मागे कोण उभं असतं? नवरदेवाचा मामा!

मग मला सगळं स्वच्छ उमगलं. बघायला आले त्या दिवशी पायमोजे घालून बसला होता तो नवरा. पिलू बसलं होतं ते मामाच्या पायावर. चार महिने मी ज्या बोटांशी गुजगोष्टी केल्या होत्या ती नवऱ्याच्या मामांची, बापूमामांची होती.

“नंदे, मागं उभे आहेत ते मामा कसे आहेत?”

नंदानं टाचा उंचावल्या. “म्हातारं हाय. कानातनं केस आल्यात. तंबाखू खातंय. का गं?”

“काही नाही.”

“त्यास्नी चार पोरं हायत अक्का. थोरलीचं लगीन झालंय.”

“मी विचारलं का तुला?”

खाली मामांची बोटं सनईच्या तालावर उचलत होती. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते. आता अंतरपाट खाली जाणार, मी हार घालणार, आणि जन्मभर पायमोज्यांचा संसार करणार. हे कुणाला सांगायचं, आणि काय सांगायचं? मला नवरा नको, त्याच्या मामाचा पाय हवा? मला विचार करायला थोडा वेळ हवा होता, आणि वेळ देणारं माणूस सगळ्या मांडवात एकच होतं.

“नंदे, आत्याला म्हणावं, अजून म्हण.”

“अजून? लोकांची भूक बघ की.”

“म्हणावं, शालनची इच्छा आहे.”

हौसाआत्याला एवढं पुरे होतं. तिनं भटजींच्या हातातला माईक पोराच्या हातातलं खुळखुळं काढावं तसा काढून घेतला. आत्याची मंगलाष्टकं वृत्तात बसत नसत. पण ती सुरात मात्र अशी बसत की भटजींनाही मान डोलवावी लागे.

“माझ्या गं अंगणात पाव्हण्यांचा भरे मेळा,
शालन माझी लेक, जशी पुनवेची कळा ॥”

“सावधाऽन,” भटजी घाईघाईनं म्हणाले आणि माईककडे हात नेला. तो दुसऱ्याच हातात गेला. वरपक्षाकडून द्वारकामावशी पुढे आल्या होत्या. नवरदेवाची ही मावशी अंगानं किरकोळ, आवाज मात्र भोंग्याचा.

“कळा असो पुनवेची, सूर्य आमुचा संपत,
दुधाच्या गं राशीमंदी उभा लोण्याचा परबत ॥”

वरपक्षानं टाळ्या पिटल्या. लोण्याचा पर्वत अंतरपाटापलीकडे जरासा खाकरला. आत्यानं पदर खोचला. तिचा पदर खोचलेला दिसला की आमच्या गावात लोक मांडी घालून बसतात. तसे बसले.

“लोण्याच्या डोंगराला उन्हाची गं भीती मोठी,
शालनच्या पदराची त्याला सावली गोमटी ॥”

“मुहूर्त टळतोय हो!” वामनभटजी म्हणाले.

“टळू दे,” द्वारकामावशी म्हणाल्या. “सावली व्हय? थांबा, ह्याला उत्तर देते.”

आता अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. तात्यांकडचं टोक खाली येई, दाजी खेकसत, “वर धरा पाव्हणं, नवरी दिसतीया!” मग दाजींचं टोक खाली येई आणि तात्या म्हणत, “तुमचा सूर्य मावळाय लागला की वो!” दोघांच्या त्या चढउतारात मला पलीकडचा एक फेट्याचा तुरा दिसला, एक कान दिसला. कान बरा होता. पण मी कानाला हो म्हणाले नव्हते.

माईकवर दोघी अशा पेटल्या होत्या की शेजारच्या माणसाचंही ऐकू येऊ नये. हाच काय तो एकांत, असं माझ्या मनात आलं. मी अंतरपाटाच्या अगदी जवळ तोंड नेलं.

“अहो.”

पलीकडे एक घाबरलेला श्वास. “मला?”

“तुम्हालाच. एक विचारायचंय.”

“आत्ता?”

“मला बघायला आलात तेव्हा तुमच्या पायात मोजे होते का?”

 लग्नाच्या पाटावर मुलीनं काय काय विचारावं याची त्यांनी मनाशी तयारी केली असेल. मोजे त्यात नसणार.

“मोजे मामांच्या पायात हुते,” ते हळूच म्हणाले. “ते कुणाकडं गेले तर घालत्यात. आज पाटाजवळ काढाय लावले आईनं.”

“मग तुमचे पाय कुठं आहेत?”

“म्हंजे? खाली हायत की. माझ्याच खाली.”

“हे नव्हेत ते.”

हळदीचे पाय एकदम एकमेकांना चिकटले. डाव्या पायावर उजवा पाय चढला, काहीतरी झाकायला चढावा तसा. तिकडे द्वारकामावशी दुधातून तुपापर्यंत पोहोचल्या होत्या. इकडे अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला, तो इतका खालचा होता की मला तो कापडातूनच गाळून आल्यासारखा वाटला.

“हेच ते. मिरजेला जाऊन वेगळी करून घेतली.”

“काय?”

“बोटं. ट्रेनिंग-बिनिंग काय नव्हतं. तुम्ही त्या दिवशी सारख्या माझ्या पायाकडंच बघत हुता. एकदा पण तोंडाकडं बघितलं न्हाई. मला वाटलं, हिला किळस आली. तरी पण हो म्हणाली, घरच्यांच्या धाकानं म्हणाली असंल. म्हणलं, निदान मांडवात तरी...”

पुढचं वाक्य कापडातून आलं नाही. मी खाली पाहिलं. उजवा पाय हळूच उतरला होता. हळदीच्या थराखाली दोन बोटांच्या मधोमध एक गुलाबी रेघ होती, कोवळ्या पानाच्या शिरेसारखी. तांदूळ अजून तिथंच होता.

“तदेव लग्नं...” वामनभटजींनी माईक हिसकावला आणि एका दमात शेवटचं म्हणून टाकलं. आत्याचं तोंड उघडं राहिलं. तात्यांनी आणि दाजींनी अंतरपाट सोडला म्हणण्यापेक्षा टाकलाच. बँड फुटला, अक्षतांची सर आली, आणि समोर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याचं तोंड पाहिलं. ते मात्र स्वतःच्या पायाकडे बघत होते, मार मिळायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

“घाल हार! घाल!” सगळ्या बाजूंनी ओरडा झाला. माझे हात वर जाईनात. इतका वेळ दुसऱ्याच्या पायांचा शोक केल्यावर आपलेच पाय सापडले तर हाताला लगेच कळत नाही.

“अगं घाल की गं!” आई म्हणाली.

“नवरी रुसली काय?” कुणीतरी म्हणालं.

भटजींनी माझं कोपर धरलं. तेव्हा समोरून आवाज आला. मोठा नव्हता. मांडवभर लोकांना मात्र पुरला.

“थांबा जरा.”

सगळे थांबले. का थांबायचं ते कुणालाच कळलं नसावं. मला कळलं. मी हार घातला.

त्यांना खरं काय ते सांगायला मी त्याच रात्री सांगितलं असतं. पण लग्नघर उलगडलं तेव्हा ते जोडे काढत होते आणि डावा जोडा काढताना त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता. जखम भरली होती, पण नवी कातडी जोड्याला सरावली नव्हती. त्या ओठाकडे बघून मी गप्प बसले. ज्या गोष्टीसाठी मी त्यांना हो म्हणाले ती गोष्ट त्यांनी माझ्यासाठी कापून टाकली होती. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढे थंडीच्या दिवसांत ती गुलाबी रेघ उलायची. मी कोमट खोबरेल तेल लावून द्यायची. ते म्हणायचे, “तुझ्यासाठीच केलं बघ,” आणि मी म्हणायची, “व्हय.” आणि माझं बोट त्या फटीत उगाच घुटमळायचं, घर पाडलेल्या जागी माणूस घुटमळतं तसं.

पहिली मुलगी माहेरी झाली. सुईणीनं तिला पुसून दुपट्यात गुंडाळताना जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. मी दुपटं उघडलं. डावा पाय, अंगठा, आणि शेजारी एका शेंगेत दोन दाणे. मला इतकं हसू आलं की हौसाआत्या धावत आली. “काय गं, काय झालं?”

“काही नाही आत्या. ओळखीचं माणूस आलंय.”

बारशाला सासरची मंडळी आली. बापूमामा पायमोजे घालून आले. द्वारकामावशी आणि आत्या पाळण्याच्या दोन बाजूंना बसून नव्या लढाईसाठी गळे साफ करत होत्या. सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, कौतुकानं पाय हातात धरले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बापूवरच गेली,” त्या म्हणाल्या. “पोराच्या जातीला चालतं. पोरीच्या जातीला जोडवी कुठं घालायची? माझी आई जन्मभर बिनजोडव्याची राहिली. हळदीकुंकवाला बायका तिच्या पायाकडं बघून कुजबुजायच्या. मला ठावं हाय.”

 बापूमामांनी आपले मोज्यातले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पोरीचे वडील पाळण्याजवळ आले, वाकले, त्या दोन बोटांवरून त्यांनी आपलं एक बोट फिरवलं. 

“घाबरायचं कारण न्हाई आई,” ते म्हणाले. “मिरजेला नेऊ. डॉक्टर त्याला सेपरेशन म्हणत्यात. जरा मोठी झाली की करत्यात. काय दुखत न्हाई.”

दुखत नाही म्हणताना त्यांनी खालचा ओठ दातांत धरला.

मी पाळण्यातून पोरीला उचललं आणि तिचा पाय मुठीत झाकून घेतला.

“हिला कुणी मिरजेला न्यायचं नाही,” मी म्हणाले. “जोडवी नसली तरी चालतील.”

“अगं पण शालन,” सासूबाई म्हणाल्या, “उद्या हिला बघाय आलेला पोरगा पायाकडं बघंल की!”

“बघू दे.”

“आणि न्हाई म्हणाला तर?”

ओसरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. दोन्ही बाजूंच्या गवयी बायकाही. अंगणात कोंबडी पिलांना घेऊन उकरत होती. मी मात्र नवऱ्याकडेच बघितलं, सरळ तोंडाकडे, मान वर करून.

“मी न्हाई म्हणाले होते का? तुमचं तोंड तर मी मांडवात बघितलं, अहो. मी हो म्हणाले ते त्या दोन बोटांना.”